कॉन्सेप्ट कार कशी काढायची: आधी माणूस, मग टायर, मग रेघ

नव्याने कॉन्सेप्ट कार काढायला बसलेला जवळपास प्रत्येक जण थोड्या तिरक्या कोनातून एक बुटकी, रुंद, अवाढव्य चाकांची गाडी काढतो आणि मग तिच्यात माणूस बसवायला जातो. माणूस बसत नाही. डोकं छतातून वर येतं, पाय पुढच्या चाकात घुसतात, आणि छत जरा उचललं की सगळ्या चित्राचा तोल जातो. म्हणून इथे क्रम उलटा धरला आहे. आधी प्रश्न, मग माणूस, मग चाकं आणि बॅटरी, आणि सगळ्यात शेवटी अंगावरून फिरणारी ती देखणी रेघ. ज्यांना फक्त पोस्टर काढायचं आहे त्यांनी हे सगळं सोडून दिलं तरी चालेल. पण डिझाइनच्या पोर्टफोलिओत ठेवायची गाडी असेल, तर बघणारा पहिल्या दहा सेकंदांत माणूस कुठे बसतो तेच शोधतो.

पहिली पायरी: एका गाडीला एकच प्रश्न

कॉन्सेप्ट कार हा प्रकार १९३८च्या ब्यूक वाय-जॉबपासून सुरू झाला असं मानतात. जनरल मोटर्सच्या हार्ली अर्लने ती करून घेतली. झाकणाआड लपणारे हेडलाइट, विजेवर चालणाऱ्या काचा, अंगात बसवलेले दरवाज्याचे हँडल: त्या काळी यातलं प्रत्येक अंग म्हणजे लोकांना विचारून बघितलेला प्रश्न होता. १९५६ची फायरबर्ड २ तर रस्त्यातच वायर पुरून गाडी आपोआप चालवता येईल का, हे विचारत होती. बीएमडब्ल्यूच्या २००८च्या जीना गाडीने पत्र्याऐवजी ताणलेलं कापड वापरून विचारलं की गाडीचं अंग कडक असायलाच हवं का. ह्युंदाईची ४५ ही २०१९ची कॉन्सेप्ट दोन वर्षांत आयोनिक ५ बनून रस्त्यावर आली, कारण तिचा प्रश्न सरळ होता: सपाट बॅटरीवर लांब व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, दिला तर मध्यम गाडीत किती ऐसपैस जागा मिळते?

तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा. त्यात माणूस, जागा आणि वेळ या तिन्ही गोष्टी यायला हव्यात. 'भविष्यातली स्वयंचलित आलिशान गाडी' हा प्रश्न नाही, ते लेबल झालं. 'रात्रपाळी संपवून रोज ४० मिनिटं महामार्गावरून घरी जाणाऱ्या एकट्या नर्सला शेवटची २० मिनिटं डोळे मिटता येतील का?' हा प्रश्न आहे, कारण त्यातून लगेच मापं निघतात. एकच मुख्य सीट, किती मागे झुकणारी, ऑटोमेशनची कोणती पातळी, सामान किती. दोन प्रश्न एका गाडीत कोंबले की गाडी दोन्हीकडून अर्धवट राहते. उडणारी आणि पाण्यात चालणारी गाडी काढायचा मोह इथेच आवरायचा.

दुसरी पायरी: पॅकेज

गाडीच्या कातडीच्या आत जे जे बसायचं आहे त्याच्या मांडणीला पॅकेज म्हणतात. ए२ आकाराचा ग्राफपेपर घ्या. १:१० प्रमाणात साडेचार मीटरची गाडी ४५ सेंटिमीटर होते, ती ए३ कागदात मावत नाही.

जमिनीची रेघ मारा आणि उंचीची बेरीज खालून वर करत जा. सपाट बॅटरीच्या इलेक्ट्रिक गाडीचा हिशोब साधारण असा लागतो: जमिनीपासून मोकळी जागा १५० मिमी, बॅटरी १२०, वरचा फ्लोर आणि गालिचा ३०. म्हणजे चालकाची टाच ३०० मिमीवर आली. टाचेपासून एच-पॉइंट, म्हणजे मांडी आणि धड जिथे मिळतात तो खुब्याचा बिंदू, सेडानसारख्या बैठकीत २५० मिमी वर. तिथून छताच्या अस्तरापर्यंत उंच माणसासाठी सुमारे ९०० आणि छताची जाडी ४०. एकूण १४९० मिमी. इलेक्ट्रिक सेडान पेट्रोलच्या गाड्यांपेक्षा थोड्या उंच आणि कुबडलेल्या का दिसतात, याचं उत्तर या बेरजेत आहे.

आता ही उंची १३०० करायची असेल तर १९० मिमी कुठून तरी काढावे लागतात, आणि मार्ग मोजकेच आहेत. टाच ते एच-पॉइंट हे अंतर १५० वर आणलं तर माणूस पाय लांब करून बसतो, म्हणजे उंची वाचली तरी लांबी खर्च होते. पाठ जास्त झुकवली तर डोकं खाली येतं, पण ते मागेही सरकतं आणि मागच्या माणसाच्या गुडघ्यांवर येतं. तिसरा मार्ग म्हणजे पायांखाली बॅटरीत खाच ठेवणं. पोर्शेच्या मिशन ई या २०१५च्या कॉन्सेप्टची उंची १.३ मीटर होती. तिच्यावरून झालेली टायकॅन २०१९ मध्ये आली ती सुमारे १.३८ मीटरची, आणि मागच्यांच्या पायांसाठी बॅटरीत खाच ठेवूनही. त्या ८ सेंटिमीटरसाठी किती बैठका झाल्या असतील याची कल्पनाच केलेली बरी. मिशन ईचे मागे उघडणारे, दोन दरवाज्यांमधला खांब नसलेले दरवाजेही विक्रीच्या गाडीत उरले नाहीत.

लांबीचा हिशोब पुढच्या ॲक्सलपासून, म्हणजे चाकांच्या आसापासून, करा. चालकाची टाच ॲक्सलच्या मागे साधारण ५०० मिमी, तिथून एच-पॉइंट आणखी ८५० मागे. मागच्या सीटचा एच-पॉइंट त्याच्या मागे ८५० ते ९००. म्हणजे २९०० मिमीच्या व्हीलबेसमध्ये मागचा माणूस मागच्या ॲक्सलच्या ६५० मिमी पुढे बसतो. पाय पसरायला भरपूर जागा. रुंदीत शेजारच्या दोन माणसांचे एच-पॉइंट ७०० ते ७५० मिमी अंतरावर धरा. दरवाज्याची जाडी नवखे लोक हमखास विसरतात. काच खाली उतरणं, बाजूच्या धडकेसाठीची सळई, आतलं पॅनेल आणि स्पीकर मिळून प्रत्येक बाजूला १५० मिमीच्या खाली उतरणं अवघड असतं.

माणसाची आकृती जाड कागदाची कापा. एक सुमारे १८८ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाची आणि एक १५२ सेंटिमीटरच्या स्त्रीची, दोन्ही १:१० ला, खुबा, गुडघा, घोटा, खांदा आणि मान इथे पिन लावून हलणाऱ्या. फक्त उंच माणूस तपासून चालत नाही. डोकं छताला लागतं का हे तो सांगतो. बॉनेटवरून रस्ता दिसतो का हे ती बुटकी आकृती सांगते. सरासरी माणसाची आकृती करू नका, ती कुठल्याच कोपऱ्यात अडकत नाही, म्हणून काहीच शिकवत नाही.

डोळे एच-पॉइंटच्या वर साधारण ६३० मिमीवर येतात. तिथून पुढे खाली आणि वर रेघा मारा. खालची रेघ बॉनेटला अडली तर गाडीसमोरचं लहान मूल दिसणार नाही. वर किमान १२ ते १५ अंश मोकळे नसतील तर सिग्नलखाली उभं राहिल्यावर दिवा बघायला मान वाकडी करावी लागेल. पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबाची जाडीही इथेच ठरते. संयुक्त राष्ट्रांच्या १२५ क्रमांकाच्या नियमात एका खांबाने झाकलेला कोन ६ अंशांपेक्षा जास्त चालत नाही. सुंदर दिसतो म्हणून खांब जाड आणि तिरका केला की चौकात तेवढ्यातच एखादा दुचाकीस्वार अख्खा लपतो.

चाकं

इथे सगळे फसवतात, अगदी मोठमोठे स्टुडिओसुद्धा. २४५/४० आर २० या टायरचा व्यास काढून बघा: रिम २० इंच म्हणजे ५०८ मिमी, बाजूची भिंत २४५च्या ४० टक्के म्हणजे ९८, ती दोनदा, म्हणजे एकूण ७०४ मिमी. २९०० च्या व्हीलबेसमधून एक व्यास वजा केला तर दोन टायरांमध्ये २१९६ मिमी उरतात, म्हणजे जवळपास तीन टायर मावतात. 'मध्ये तीन चाकं' हा स्टुडिओतला जुना आडाखा यावरूनच आला. मध्ये अडीच चाकं मावतील इतकं चाक मोठं केलं तर गाडी खेळण्यातली दिसते. साडेतीनच्या पुढे गेलं की ओढल्यासारखी.

मोठ्या चाकाची किंमत आत मोजावी लागते. पुढचं चाक ३५ ते ४० अंश वळतं आणि खड्ड्यात ८० ते १०० मिमी वर येतं. वळलेलं आणि वर आलेलं टायर ट्रेसिंग पेपरवर काढून पॅकेजवर ठेवा. टायरने व्यापलेली ती सगळी जागा चालकाच्या पायांजवळ येते. प्रदर्शनातल्या गाडीत चाक आणि कमान यांच्यात बोटही शिरत नाही, कारण ती गाडी सहसा ताशी ३० किमीच्या वर जात नाही आणि खड्डा तिला माहीतच नसतो. तुम्ही फट कमी ठेवली तरी हरकत नाही, मात्र ती मुद्दाम कमी ठेवलेली आहे हे तुम्हाला माहीत हवं.

तिसरी पायरी: स्केच, पण पॅकेजवरून

पॅकेजच्या कागदावर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि बाजूचं दृश्य काढायला लागा. सुरुवातीची ३०-४० स्केचेस अंगठ्याएवढी, एक-दोन मिनिटांत एक. यात फक्त तीन गोष्टी ठरवायच्या: वजन पुढे की मागे, काचेचा भाग अंगाच्या मानाने किती, आणि बाजूने वाहणारी मुख्य रेघ चढती की पडती. काचा आणि अंग साधारण एकास दोन असतील तर गाडी धडधाकट दिसते. काच त्याहून कमी केली की गाडी खेळाडूसारखी होते, पण आतल्या माणसाला खोक्यात बसल्यासारखं वाटतं.

तिरक्या दृश्यात गेलात की सगळ्यात जास्त चूक चाकांच्या लंबवर्तुळात होते. लंबवर्तुळाचा लहान अक्ष ॲक्सलच्या दिशेनेच गेला पाहिजे. तो उभा-आडवा राहिला की चाक बाहेर कोलमडल्यासारखं दिसतं, आणि नेमकं काय चुकलंय हे बघणाऱ्याला सांगता येत नाही, फक्त 'काहीतरी विचित्र आहे' एवढंच जाणवतं. आधी चारही चाकांची लंबवर्तुळं, मग जमिनीवरची सावली, मग अंग, असा क्रम ठेवा. सावली आधी टाकल्याने गाडी हवेत तरंगत नाही.

निवडलेली बाजू आता टेपने काढा. भिंतीला ट्रेसिंग फिल्म लावून तिच्यावर काळ्या, लवचीक डिझाइन टेपने रेघा ओढायच्या. ३, ६ आणि १२ मिमी रुंदीच्या टेप पुरतात. टेप एका हाताने ताणून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने बसवत जायची. फायदा असा की टेपला ताणलं की ती स्वतःहून गुळगुळीत वळण घेते आणि आवडलं नाही तर सोलून परत लावता येते. पेन्सिलीची थरथरती रेघ इथे लपत नाही. अधूनमधून तीन-चार मीटर मागे जाऊन बघा, आणि मोबाइलमध्ये फोटो उलटा, म्हणजे डावा-उजवा पालटून बघा. डोळ्याला सवय झालेलं वाकडेपण तेव्हा लगेच दिसतं.

काचा आणि हवा

दरवाज्याची काच खाली उतरायची असेल तर ती एका नळकांड्याचा किंवा पिंपाचा तुकडा असायला हवी. तरच ती स्वतःच्याच वळणावरून सरकत दरवाज्यात जाते. दोन्हीकडून मनमानी फुगवलेली काच स्थिर ठेवावी लागते. तुम्हाला तशीच हवी असेल तर टोलनाक्यावर हात बाहेर कसा काढायचा त्याचंही उत्तर द्या. पुढची काच फार आडवी झाली की प्रकाश काचेतून तिरका आणि लांब वाट काढत येतो, प्रतिमा विकृत होते, रात्री दिव्यांची दुहेरी प्रतिमा दिसते. मार्चेल्लो गांदिनीने बेर्तोनेसाठी काढलेल्या १९७०च्या लान्चा स्ट्रॅटोस झीरोची उंची फक्त ८४ सेंटिमीटर होती आणि आत शिरायला पुढची काचच वर उचलावी लागे. दरवाज्याला जागाच नव्हती. त्या गाडीचा प्रश्न 'किती खाली जाता येईल' हाच असल्यामुळे ते उत्तर तिथे शोभलं.

हवेच्या विरोधाचा हिशोब सोपा आहे, तो टाळू नका. विरोधाचा जोर म्हणजे हवेची घनता, ड्रॅगचा गुणांक (आकारामुळे हवा किती अडते ते सांगणारा आकडा), समोरचं क्षेत्रफळ आणि वेगाचा वर्ग यांचा गुणाकार, त्याच्या निम्मा. गुणांक ०.२३ आणि क्षेत्रफळ २.३ चौरस मीटर धरलं तर ताशी १०० किमीला सुमारे २४५ न्यूटन विरोध होतो आणि तो तोडायला जवळपास ७ किलोवॉट लागतात. ताशी १२० ला तेच १२ किलोवॉटच्या घरात जातात, कारण शक्ती वेगाच्या घनाने वाढते. मर्सिडीजच्या २०२२च्या व्हिजन ईक्यूएक्सएक्सने ०.१७ गुणांक गाठला आणि १०० किलोवॉट-तासांपेक्षा लहान बॅटरीवर एका चार्जमध्ये हजार किलोमीटरच्या पुढे मजल मारली.

हे साधतं ते मुख्यतः मागच्या बाजूने. पुढचं टोक टोकदार केलं की गाडी वेगवान होते हा गैरसमज आहे. गोलसर नाक हवेला चालतं. हवा मागे कशी सुटते ते महत्त्वाचं. छत आडव्यापासून १२ ते १५ अंशांच्या आत उतरलं तर हवा चिकटून राहते. मागचा उतार २५ ते ३० अंशांच्या पट्ट्यात गेला की दोन्ही कडांना मोठे भोवरे बनतात आणि विरोध झपाट्याने वाढतो. शेवटची कड तीक्ष्ण कापलेली हवी. गोल गुळगुळीत ढुंगण दिसायला छान, पण अंग कुठे सोडायचं हे हवेला कळत नाही आणि ती चिकटून गाडीला मागे ओढते.

चौथी पायरी: क्ले मॉडेल

स्क्रीनवर फिरवलेल्या मॉडेलला हात लावता येत नाही, म्हणून क्ले अजून टिकून आहे. १:१० चं मॉडेल पहिल्या प्रयत्नाला योग्य. घट्ट पॉलियुरेथेन फोमचा गाभा सगळीकडून १० ते १२ मिमी लहान कापा, लाकडी फळीवर बसवा आणि त्याला पेनएवढी भोकं पाडा, म्हणजे क्ले पकड घेईल. इंडस्ट्रियल क्ले, म्हणजे मेणयुक्त आणि गार झाली की कडक होणारी, साधारण ४ किलो लागते. शाळेतली रंगीत माती चालत नाही. ती कडकच होत नाही, त्यामुळे तिच्यावर धारदार कड टिकत नाही.

क्ले ५५ ते ६० अंश सेल्सिअसला मऊ करा. जास्त तापवली तर तेल सुटतं आणि ती नंतर ठिसूळ होते. पहिला थर फक्त दोन-तीन मिमीचा, अंगठ्याने जोर लावून फोममध्ये रगडायचा. इथे घाई केली तर आत हवा अडकते आणि आठवड्याने बरोबर बॉनेटच्या मधोमध फुगा येतो. पुढचे थर आधीचा थर कोमट असतानाच द्या. थंड क्लेवर गरम क्ले बसल्यासारखी दिसते, पण खरवडताना पापुद्र्यासारखी निघते.

वेळ वाचवणारी एक युक्ती: अर्धीच गाडी करा. मधल्या रेषेवर उभा आरसा ठेवला की दुसरी अर्धी दिसते. दोन्ही बाजू हाताने सारख्या करण्यात नवख्याचा जीव जातो आणि शिकायला नवं काही मिळत नाही. टेप ड्रॉइंगवरून ३ मिमी कार्डबोर्डचे साचे कापा: एक मधल्या रेषेचा आणि चार-पाच आडवे छेद, पुढच्या ॲक्सलवर, खांबापाशी, चालकाच्या एच-पॉइंटवर, मागच्या ॲक्सलवर. दातेरी रेकने आधी तिरक्या दिशेने, मग काटकोनात फिरवून खरवडत जा. एकाच दिशेने ओढत राहिलात तर लाटा पडतात. शेवटी लवचीक पोलादी पट्टी. १:१० ला १ मिमीची चूक खऱ्या गाडीत १ सेंटिमीटर होते, तेव्हा साचा टेकला की फट दिसते का ते दिव्यासमोर धरून बघा.

पृष्ठभाग बघायची खरी रीत म्हणजे चकाकी. क्लेवर ताणून बसणारी चमकदार फिल्म लावा आणि वर एक लांब ट्यूबलाइट धरा. तिचं प्रतिबिंब दरवाज्यावरून पुढे सरकताना जिथे अडखळतं तिथे खड्डा आहे, जिथे जाड होतं तिथे अंग सपाट आहे. हात डोळ्यांपेक्षा आधी सांगतो: डोळे मिटून तळवा पुढून मागे फिरवा.

संगणकावर काम करणाऱ्यांना हीच गोष्ट झीब्रा पट्ट्यांनी, म्हणजे सॉफ्टवेअर मॉडेलवर पाडतं त्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांनी, तपासता येते. दोन पृष्ठभाग नुसते टेकले असतील तर पट्ट्या तुटतात. स्पर्शरेषा जुळली तर पट्ट्या जोडतात पण कोपरा करून. वक्रताही जुळली तरच त्या सलग वाहतात. बाहेरच्या अंगाला तिसरी स्थिती हवी. ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर चित्रासाठी उत्तम आहे. पुढे मॉडेल मिलिंगला, म्हणजे यंत्राने कोरून घ्यायला, द्यायचं असेल तर ऱ्हायनो किंवा एलियससारखं पृष्ठभागांवर चालणारं साधन घ्या. आणि नियंत्रण बिंदू (ज्यांना ओढून पृष्ठभाग वळवतात ते) जितके कमी तितकं चांगलं. खड्डा भरायला बिंदू वाढवला की शेजारी दोन नवे खड्डे उगवतात.

पाचवी पायरी: गाडी कोण चालवतंय?

भविष्यातली गाडी म्हटलं की स्टिअरिंग गायब करण्याची फॅशन आहे. आधी पातळी ठरवा. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे३०१६ मानकात ० ते ५ अशा पातळ्या आहेत. २ पर्यंत माणूसच चालक असतो, हात सोडले तरी लक्ष त्याचंच हवं. ३ मध्ये ठरावीक परिस्थितीत गाडी चालवते, पण मागितला की ताबा माणसाने घ्यायचा. ४ मध्ये ठरलेल्या हद्दीत माणसाची गरजच नसते. ५ म्हणजे कुठेही, कधीही. स्टिअरिंग काढायचं असेल तर तुमची गाडी किमान ४ ची आहे, आणि तिची हद्द काय हे चित्राशेजारी लिहावं लागेल. अमेरिकेने २०२२ मध्ये स्टिअरिंग नसलेल्या स्वयंचलित गाड्यांसाठी सुरक्षेचे नियम बदलले, त्यामुळे ही निव्वळ कल्पना राहिलेली नाही.

डिझाइनरला सगळ्यात जास्त काम मिळतं ते पातळी ३ मध्ये, कारण तिथे ताब्याची देवाणघेवाण आहे. संयुक्त राष्ट्रांचा १५७ क्रमांकाचा नियम महामार्गावरच्या अशा यंत्रणेसाठी आहे. सुरुवातीला त्याची वेगमर्यादा ताशी ६० किमी होती, पुढे ती १३० पर्यंत वाढवली. गाडीने ताबा मागितल्यावर माणसाने प्रतिसाद दिला नाही, तर साधारण १० सेकंद वाट बघून गाडी स्वतः सुरक्षितपणे थांबण्याची हालचाल सुरू करते. ताशी १३० ला १० सेकंदांत ३६१ मीटर अंतर कापलं जातं.

हे दहा सेकंद कागदावर खर्च करून बघा. सीट मागे झुकलेली आहे. मोटर ती सरळ करायला सहा सेकंद घेते. डॅशबोर्डमध्ये दडलेलं स्टिअरिंग बाहेर यायला तीन. मांडीवरचा लॅपटॉप ठेवायला दोन, रस्त्यावर काय चाललंय ते समजून घ्यायला आणखी काही. यातली किती कामं एकाच वेळी होऊ शकतात? सरळ होणारी सीट आणि बाहेर येणारं स्टिअरिंग यांच्यामध्ये माणसाचे गुडघे येतात का? प्रत्येक हालचालीची पट्टी काढून एक वेळापत्रक करा. ते दहाच्या पुढे गेलं तर सीट कमी झुकवा किंवा पातळी ४ वर जा. आमच्या मते पोर्टफोलिओतलं हे एक पान दहा चकचकीत रेंडरपेक्षा, म्हणजे संगणकावर बनवलेल्या चित्रांपेक्षा, भारी पडतं.

समोरासमोर वळणाऱ्या सीट सगळ्यांना आवडतात. मर्सिडीजच्या २०१५च्या एफ ०१५ मध्ये त्या होत्या, पण त्यासाठी ३.६१ मीटरचा व्हीलबेस दिला होता हे लक्षात ठेवा. चार माणसांचे गुडघे मध्ये यायचे तर दोन समोरासमोरच्या एच-पॉइंटमध्ये दीड मीटरच्या आसपास हवंच. सीट वळते तेव्हा बेल्ट खांबाला अडकवता येत नाही, तो सीटच्या पाठीतच बसवावा लागतो, म्हणून पाठ जाड आणि सीट जड होते. उलट्या बाजूला तोंड करून वाचणाऱ्याला मळमळ लवकर सुरू होते, कारण कानाला कळणारी हालचाल आणि डोळ्यांना दिसणारं दृश्य जुळत नाही. खिडकीची खालची कड खाली आणा, क्षितिज दिसू द्या, पडदा डोळ्यांच्या रेषेच्या जवळ ठेवा.

सेन्सर लपवायचे कुठे

रडार ७६ ते ८१ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतं आणि धातूच्या आरपार जात नाही. म्हणून बोधचिन्हामागे रडार ठेवायचं तर ते चिन्ह खऱ्या क्रोमचं चालत नाही, आणि बंपरच्या रंगातली धातूची भुकटीही सिग्नल कमी करते. समोरचं प्लॅस्टिक एकसारख्या जाडीचं हवं. पुढच्या काचेमागचा कॅमेरा वायपर जिथे पुसतो त्याच भागात यायला हवा. हा मुद्दा इतका साधा आहे की हमखास राहून जातो. लायडारला, म्हणजे लेझरने अंतर मोजणाऱ्या सेन्सरला, उंचीवरून लांबचं दिसतं म्हणून तो छताच्या पुढच्या कडेला बसवतात. तिथे त्याला चिखल आणि पाणी पुसायची सोय लागते, म्हणजे पाण्याची फवारणी, तिची नळी, टाकी. डबकं तुडवून गेल्यावर गाडी आंधळी होणार असेल तर पातळी ४ कागदावरच राहते.

आरशांऐवजी कॅमेरे दिले तर पडदे खांबाच्या आतल्या बाजूला, जिथे डोळा सवयीने वळतो तिथे. दिव्यांच्या बाबतीत बुटक्या गाड्या हमखास नापास होतात: संयुक्त राष्ट्रांच्या नियमांत लो बीम जमिनीपासून ५०० ते १२०० मिमी उंचीत हवा. गाडी स्वतः चालतेय हे बाहेरच्यांना सांगायला निळसर-हिरवा रंग पुढे येतोय, कारण लाल, पांढरा आणि अंबर (पिवळसर नारिंगी) आधीच ठरावीक कामांना दिलेले आहेत. रस्ता ओलांडणाऱ्याला उद्देशून बंपरवर वाक्यं लिहू नका. 'आधी तुम्ही जा' हे तिघांनी वाचलं तर त्यातला कोण तुम्ही?

शेवटची तपासणी आणि मांडणी

रेंडर करताना कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, १.६ मीटरवर ठेवा आणि लेन्स ५० ते ८५ मिमीची. गुडघ्याच्या उंचीवरून रुंद लेन्सने काढलेली गाडी नेहमीच दांडगी दिसते. तशी एखादी प्रतिमा चालेल, सगळ्या नकोत. शेजारी माणूस उभा करा, त्याशिवाय आकार कळत नाही.

पानांचा क्रम: पहिल्या पानावर प्रश्न आणि एकच मोठी प्रतिमा. दुसऱ्यावर पॅकेजचं बाजूचं दृश्य, दोन्ही आकृत्या आत बसवून, मिमीमध्ये मापांसह. मग नाकारलेल्या चार-पाच दिशा आणि प्रत्येकीखाली एका ओळीत नाकारण्याचं कारण. त्यानंतर क्ले, दिवा वरून धरून काढलेले फोटो. मग ताब्याचं वेळापत्रक. शेवटच्या पानावर तुम्ही मुद्दाम कुठे सवलत घेतली ते लिहा: चाकाच्या कमानीतली फट, न उघडणारी काच, नसलेला मधला खांब. बघणारा अनुभवी असेल तर या गोष्टी त्याला तशाही दिसणार आहेत. तुम्ही आधी लिहिल्या असतील तर तो पुढचा प्रश्न विचारतो.